जनतेच्या मालकीची गाडी

बर्लिनला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. सकाळी आम्ही दोघे रस्ता ओलांडायला सिग्नलपाशी उभे होतो. समोरून पाच-सहा छोट्या मोटारी एकामागे एक गेल्या. पत्र्याच्या डब्याला चाके लावावीत तशा दिसणाऱ्या, फिकट निळ्या आणि पिवळट रंगांच्या. आवाज फटफटीचा, मागे निळसर धूर.

“मामू, ही ट्राबांट. पूर्व जर्मनीची गाडी. आता टुरिस्ट लोकांना भाड्याने देतात,” भाचा म्हणाला.

माझे गाड्यांकडे लक्षच नव्हते. मला त्या धुराच्या वासाने गाठले होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळले की येणारा तो वास. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात रोज सकाळी अब्बा स्कूटरला किक मारायचे आणि अंगणभर हाच वास पसरायचा. गिरणीत काम करणाऱ्या अब्बांनी त्या स्कूटरसाठी आठ वर्षे वाट पाहिली होती. बर्लिनच्या चौकात उभा राहून मला सोलापूरचे अंगण आठवले.

घरी येऊन वाचायला लागलो, तेव्हा कळले की सारखेपणा फक्त वासाचा नाही. या गाडीसाठी लोकांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे रांग लावली होती. आणि ज्या कारखान्यात ती बनायची, त्याच्या नावातच तो ‘जनतेच्या मालकीचा’ आहे असे लिहिलेले होते. ज्या वस्तूचा मालक मी, तिच्यासाठी रांगेतही मीच का? हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता हा लेख झाला.

शहर जुने, पाटी नवी

झ्विकाऊ हे सॅक्सनी प्रांतातले शहर. मोटारींच्या इतिहासात त्याचे नाव कम्युनिस्ट राजवटीच्या कितीतरी आधीपासून आहे. ऑगस्ट हॉर्श या इंजिनिअरने १९०४ मध्ये आपला मोटार कारखाना इथे आणला. पुढे त्याचे आपल्याच कंपनीत भांडण झाले, तो बाहेर पडला आणि त्याने १९०९ मध्ये याच शहरात दुसरी कंपनी काढली. स्वतःचे नाव वापरायला बंदी आली, म्हणून त्याने त्या नावाचे लॅटिन भाषांतर केले. जर्मनमध्ये ‘हॉर्श’ म्हणजे ‘ऐक’. लॅटिनमध्ये ‘ऑडी’. आज आपल्या शहरांत श्रीमंतीची खूण म्हणून मिरवणाऱ्या ऑडीचे जन्मगाव हेच.

१९३२ मध्ये ऑडी, हॉर्श, डीकेडब्ल्यू आणि वाँडरर या चार कंपन्या एकत्र येऊन ‘ऑटो युनियन’ झाली. ऑडीच्या गाडीवर दिसणारी चार कडी ती हीच. यातली डीकेडब्ल्यू टू-स्ट्रोक इंजिनाच्या छोट्या गाड्यांसाठी प्रसिद्ध होती. तिची पुढची चाके ओढणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी १९३१ पासून झ्विकाऊतच बनत होती. ट्राबांटची वंशावळ शोधायची तर ती इथे सापडते.

या वंशावळीत एक काळे पानही आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑटो युनियनने छळछावण्यांतल्या कैद्यांना आपल्या कारखान्यांत राबवले. झ्विकाऊत तर कारखान्याशी जोडलेली छावणीच होती. १९४५ नंतर सॅक्सनी सोव्हिएत फौजांच्या ताब्यात आला. युद्धाची भरपाई म्हणून कारखान्यांतली यंत्रे उचकटून रशियाला नेण्यात आली. १९४६ मध्ये सॅक्सनीत सार्वमत घेऊन नाझी आणि युद्धगुन्हेगारांचे उद्योग सरकारजमा करण्यात आले. ऑटो युनियनची जुनी माणसे पश्चिमेला गेली आणि त्यांनी १९४९ मध्ये बव्हेरियातल्या इंगोलश्टाट इथे कंपनी नव्याने उभी केली. झ्विकाऊत राहिले रिकामे कारखाने आणि हाताला काम येणारे कामगार.

या कारखान्यांवर नवी पाटी लागली, ‘फाउ-ए-बे’. तीन जर्मन अक्षरे, अर्थ ‘जनतेच्या मालकीचा उद्योग’. ज्यांनी नाझी काळ पाहिला होता, ज्यांच्या डोळ्यांदेखत मालकांनी हिटलरला साथ दिली होती, त्यांच्यापैकी अनेकांना ही पाटी मनापासून पटली असणार. आज तिची थट्टा करणे सोपे आहे. १९४६ मध्ये ती थट्टा नव्हती.

कापसाची मोटार

१७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीतले कामगार रस्त्यावर उतरले. सरकारने कामाचे प्रमाण वाढवले होते, म्हणजे त्याच पगारात जास्त काम. बर्लिनच्या बांधकाम कामगारांनी सुरू केलेला संप देशभर पसरला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने सोव्हिएत रणगाड्यांच्या मदतीने तो मोडून काढला. मात्र त्या उठावाची धास्ती सत्ताधाऱ्यांच्या मनात बसली. लोकांना नुसते उद्याचे स्वप्न दाखवून चालणार नाही, आज घरात काहीतरी यायला हवे, हे त्यांच्या लक्षात आले. १९५४ च्या सुरुवातीलाच सामान्य कुटुंबासाठी छोटी, हलकी आणि स्वस्त मोटार बनवण्याचा आदेश निघाला.

अडचण पत्र्याची होती. मोटारीचा सांगाडा झाकायला लागणारा चांगला पातळ पोलादी पत्रा पूर्व जर्मनीकडे पुरेसा नव्हता आणि शीतयुद्धातल्या निर्बंधांमुळे पश्चिमेकडून मिळत नव्हता. झ्विकाऊच्या इंजिनिअरांनी तोडगा काढला. सोव्हिएत युनियनमधून येणाऱ्या कापसाचे टाकाऊ तंतू घ्यायचे, त्यांच्या थरांत फिनॉलची राळ भरायची आणि गरम साच्यात दाबायचे. मग टणक, गंज न लागणारा तक्ता तयार. याचे नाव ड्युरोप्लास्ट. आतला सांगाडा पोलादी, वरची कातडी या तक्त्याची. १९५५ मध्ये आलेल्या पी-७० या गाडीवर तो आधी वापरून पाहिला आणि मग ट्राबांटवर.

हे वाचताना मला हसू आले. आमच्या सोलापुरात गिरणीतले उरलेसुरले सूत गॅरेजवाले विकत घेतात आणि त्याने हात पुसतात. त्याला ते ‘वेस्ट’ म्हणतात. तिकडे त्याच कचऱ्याची मोटार केली! ‘पुठ्ठ्याची गाडी’ म्हणून ट्राबांटची पुढे जगभर चेष्टा झाली, पण ती पुठ्ठ्याची नव्हती. टंचाईत डोके चालवणाऱ्या कारागिरांची ती करामत होती.

७ नोव्हेंबर १९५७ रोजी, रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी, पहिल्या गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. महिनाभरापूर्वीच सोव्हिएत युनियनने स्पुटनिक अवकाशात सोडला होता. ‘ट्राबांट’ या शब्दाचा अर्थ सोबती, आणि उपग्रहही. सुरुवातीला ५०० सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि ताकद १८ अश्वशक्ती. १९६२ मध्ये ते ६०० सीसीचे झाले. १९६४ मध्ये नव्या बांध्याची ‘६०१’ आली. हीच ती सर्वांना ठाऊक असलेली ट्राबांट. साडेतीन मीटर लांब, वजन सहाशे किलोच्या थोडे वर, पुढे २६ अश्वशक्ती आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास.

पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वरच्या अंगाला, बॉनेटखाली. त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरायचे, पंप लागायचा नाही. बहुतेक गाड्यांना पेट्रोलचा काटा नव्हता. बॉनेट उघडून टाकीत पट्टी बुडवायची आणि किती उरले ते बघायचे. इंजिन हवेने थंड होणारे, म्हणजे रेडिएटरची भानगड नाही. ज्याला पाना धरता येतो, त्याला ती दुरुस्त करता येई. १९५० च्या दशकाच्या मापाने ही काही वाईट गाडी नव्हती. आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना दिलेली ताकद ही रचना पुढे जगभरच्या छोट्या मोटारींनी स्वीकारली. मग ती जगाच्या चेष्टेचा विषय कशी झाली?

जी गाडी बनलीच नाही

याचे उत्तर इंजिनिअरांच्या टेबलावर आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यालाच झ्विकाऊत पुढची गाडी तयार होती. तिचे नाव पी-६०३. मागे वर उघडणारा मोठा दरवाजा असलेली, आजच्या भाषेत हॅचबॅक. तिच्या रूपावर क्लाउस डीटेल आणि लुट्झ रुडोल्फ या डिझायनरांनी काम केले होते. तिच्यात निरनिराळी इंजिने बसवून चाचण्या झाल्या. पश्चिमेत फोक्सवॅगनची गोल्फ १९७४ मध्ये बाजारात आली. तिच्या कितीतरी आधी तशा वळणाची गाडी पूर्व जर्मनीच्या रस्त्यावर चाचणीसाठी धावत होती.

१९६८ मध्ये वरून हुकूम आला आणि काम बंद झाले. १९७० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडाबरोबर एकत्र गाडी काढायचे ठरले. काही वर्षे चालून तेही बंद झाले. मग पी-६१० हा प्रकल्प हाती घेतला. १९७९ मध्ये पक्षाच्या पॉलिटब्युरोने तोही थांबवला. प्रत्येक वेळी इंजिनिअरांनी मान मोडून काम करायचे, नमुना रस्त्यावर आणायचा आणि बर्लिनच्या बंद खोलीतून ‘नाही’ यायचे.

कारणे होती. नव्या गाडीसाठी नवी यंत्रे लागतात आणि त्यांना पैसा लागतो. तो इतर उद्योगांना, घरबांधणीला हवा होता. मला सर्वांत मोठे कारण मात्र वेगळे दिसते. जुनी गाडी विकली जातच होती. जितक्या बनतील तितक्यांना गिऱ्हाईक आधीच रांगेत उभे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही आणि कामगार संघटना पक्षाच्या मुठीत. वर्तमानपत्रे पक्षाची, निवडणुकीतले उमेदवार पक्षाने ठरवलेले. मग गाडी सुधारा म्हणून सांगणार कोण? ६०१ पंचवीसहून अधिक वर्षे जवळपास तशीच बनत राहिली. सुमारे २८ लाख गाड्या. सगळ्या ट्राबांट मिळून तीस लाखांच्या वर.

पुढारी स्वतः काय वापरत होते? बर्लिनबाहेर वांडलिट्झ इथल्या बंदिस्त वसाहतीत राहणारे नेते स्वीडनच्या व्होल्वोतून फिरत. राष्ट्रप्रमुख एरिक होनेकर यांच्या दिमतीला फ्रेंच सित्रोएन होती. ज्याला स्वतः रांगेत उभे राहायचे नसते, त्याला रांगेची लांबी कळत नाही.

रांग

मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईबाप त्याच्या नावाने गाडीचा अर्ज भरत. गाडी येईतो तो तिशीचा होई. आजी-आजोबांच्या नावानेही अर्ज असत. त्यांना गाडी चालवता येण्याची गरज नव्हती, त्यांचा रांगेतला नंबर पुरेसा होता. हे नंबर हातोहात विकले जात. नवी ट्राबांट साधारण वर्षभराच्या पगारात मिळे, पण वापरलेली ट्राबांट नव्यापेक्षा महाग असे. कारण ती आज मिळत होती. किंमत गाडीची नव्हती, वाचलेल्या वर्षांची होती.

अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन सोव्हिएत रशियातला म्हणून एक विनोद नेहमी सांगत. एक जण गाडीचे पैसे भरतो. अधिकारी सांगतो, दहा वर्षांनी ये आणि गाडी घेऊन जा. तो विचारतो, सकाळी येऊ की दुपारी? अधिकारी म्हणतो, दहा वर्षांनंतरच्या दिवशी सकाळ काय आणि दुपार काय! त्यावर हा म्हणतो, तसे नाही, सकाळी नळ दुरुस्त करणारा येणार आहे. विनोद शत्रूच्या तोंडचा आहे, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

या रांगेलाही एक मागचे दार होते. त्याचे नाव गेनेक्स. पूर्व जर्मन सरकारनेच १९५६ मध्ये काढलेली ही कंपनी. पश्चिम जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने तिचा कॅटलॉग बघायचा, पश्चिमेच्या मार्कांत पैसे भरायचे आणि पूर्वेतल्या भावाला किंवा मावशीला भेट पाठवायची. त्या कॅटलॉगात ट्राबांटही असे आणि वार्टबुर्गही. मग तीच गाडी पंधरा वर्षांऐवजी काही आठवड्यांत दाराशी येई. सरकारला परकीय चलन हवे होते. समतेच्या देशात दोन प्रकारचे नागरिक तयार झाले, ज्यांचे पलीकडे कुणी आहे ते आणि ज्यांचे कुणी नाही ते.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. कारण हे मी पाहिले आहे. आमच्या मोहल्ल्यातही स्कूटर दोन वाटांनी येत असे. अब्बांसारखे लोक पैसे भरून नंबरची वाट बघत. आणि ज्यांच्या घरातले कुणी सौदी किंवा दुबईला होते, त्यांची स्कूटर परकीय चलनाच्या कोट्यातून लवकर येई. नवीकोरी स्कूटर गल्लीत शिरली की अम्मी म्हणायची, “आपलं पण येईल, सबर करा.” अब्बा काही बोलायचे नाहीत.

तीच बनावट, दुसरे काम

बर्लिनच्या मुक्कामात भाचा मला होहेनशोनहाउझेनला घेऊन गेला. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे श्टाझीचा, हा तुरुंग. आता तिथे स्मारक आहे आणि पूर्वी तिथे कैदी असलेली माणसेही पाहुण्यांना माहिती सांगतात. शहराच्या नकाशात हा भाग तेव्हा दाखवलाच जात नसे. तिथे एक व्हॅन उभी आहे. तिचे नाव बार्कास बी-१०००.

बार्कासही जनतेच्याच मालकीच्या कारखान्यातली. १९६१ पासून बनणारी एक टन माल नेणारी व्हॅन. आपल्या मॅटाडोरची आठवण व्हावी अशी पेटीसारखी. मॅटाडोरचे मूळही जर्मनच, पण पश्चिमेकडचे. पुण्यात बनलेल्या त्या गाड्यांच्या कंपनीचे ‘टेम्पो’ हे जर्मन नाव आपल्या मराठीत मालवाहू गाडीसाठी कायमचे बसले. बार्कास पूर्वेकडची. तिला वार्टबुर्ग मोटारीचे तीन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते. वार्टबुर्ग आयझेनाख इथे बनायची, जिथे युद्धापूर्वी बीएमडब्ल्यूचा कारखाना होता. बार्कासचे खालचे फळीघर जमिनीला जवळ असल्यामुळे माल चढवणे सोपे जाई. पाव वाटायला बार्कास, टपाल न्यायला बार्कास, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला बार्कास, आग विझवायलाही बार्कास. १९९१ पर्यंत अशा सुमारे पावणेदोन लाख व्हॅन बनल्या. पूर्व जर्मनीच्या रस्त्यावर ती कुणाच्या नजरेत भरायची नाही.

म्हणूनच ती श्टाझीने निवडली. बाहेरून साधी मालाची व्हॅन. मागचे दार उघडले की आत अरुंद बोळ आणि त्याच्या बाजूला कपाटाएवढ्या बिनखिडकीच्या कोठड्या. मी वाकून आत पाहिले. मोठा माणूस आत बसला तर गुडघे समोरच्या फळीला टेकतील. रस्त्यात किंवा घरातून उचललेल्या माणसाला यात कोंडून तासन्‌तास फिरवत, अंतर थोडे असले तरी. आपण कुठल्या गावात आहोत हे त्याला कळू नये म्हणून. गाडी तुरुंगाच्या बंद आवारात शिरे, दार उघडले की डोळ्यांवर झगझगीत प्रकाश. पुढचे महिनोन्‌महिने तो कुठे आहे, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसे. यातल्या अनेकांचा गुन्हा एवढाच, की त्यांना देश सोडून जायचे होते.

ती व्हॅनही जनतेच्याच मालकीची होती. तिच्या आतली कोठडीसुद्धा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १९६३ पासून १९८९ पर्यंत पश्चिम जर्मनीने पैसे मोजून ३३ हजारांहून अधिक राजकीय कैदी पूर्वेकडून सोडवून घेतले. भेटीच्या गाड्यांचा कॅटलॉग आणि कैद्यांचा हा व्यवहार, दोन्हींतून सरकारी तिजोरीत तेच परकीय चलन येत होते.

रस्त्यावर टाकून दिलेल्या चाव्या

१९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा सैल केली आणि पूर्व जर्मनीतले लोक सुट्टीच्या नावाखाली ट्राबांटमध्ये सामान भरून निघाले. सप्टेंबरमध्ये हजारो माणसे चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्रागमध्ये पोचली आणि कुंपणावरून उड्या मारून पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत शिरली. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर यांनी सज्जात येऊन त्यांना जायची परवानगी मिळाल्याचे सांगितले आणि आवारात जल्लोष उसळला.

बाहेर प्रागच्या गल्ल्यांत त्यांच्या गाड्या तशाच उभ्या होत्या. पंधरा वर्षे वाट पाहून मिळालेली, दर रविवारी पुसलेली ट्राबांट लोकांनी रस्त्यात सोडून दिली आणि मागे वळून पाहिले नाही. मला भिंत पडल्याच्या सगळ्या छायाचित्रांपेक्षा हे दृश्य मोठे वाटते. माणूस कशाची वाट बघत होता, ते इथे कळते. पुढच्याच वर्षी डेव्हिड चेर्नी या चेक शिल्पकाराने चार पायांवर चालणारी ट्राबांट बनवली. त्या शिल्पाची प्रतिकृती आज त्या वकिलातीच्या बागेत आहे.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. फटफट करत, निळा धूर सोडत ट्राबांटच्या रांगा पश्चिमेत शिरल्या आणि पश्चिमेच्या लोकांनी तिच्या टपावर थापा मारून स्वागत केले. गाडी स्वातंत्र्याची निशाणी झाली. मात्र ते कौतुक फार टिकले नाही.

दरम्यान झ्विकाऊत एक उशिराची सुधारणा चालू होती. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीने फोक्सवॅगनशी करार करून चार स्ट्रोकच्या इंजिनाची यंत्रणा घेतली होती. त्यावर प्रचंड खर्च झाला. ते इंजिन बसवलेली ट्राबांट १९९० च्या मे महिन्यात बाजारात आली. जुलैत दोन्ही जर्मनींचे चलन एक झाले. हातात पश्चिमेचा मार्क आल्यावर लोकांनी पश्चिमेच्या जुन्या गाड्या घेतल्या. वीस वर्षे ज्या सुधारणेसाठी इंजिनिअर भांडले, ती आली तेव्हा रांगच उरली नव्हती. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबांट कारखान्यातून बाहेर पडली.

मग कामगारांचे काय झाले? सरकारी उद्योग विकायला नेमलेल्या संस्थेने पूर्व जर्मनीतले कारखाने विकले किंवा बंद केले. झ्विकाऊ, आयझेनाख, केम्निट्झ, सगळीकडे हजारोंची नोकरी गेली. झ्विकाऊजवळ फोक्सवॅगनने कारखाना काढला, तो आजही चालू आहे आणि आता तिथे विजेवर चालणाऱ्या मोटारी बनतात. म्हणजे शहर मेले नाही. परंतु ज्यांचे वय तेव्हा पन्नाशीचे होते, त्यांना त्याचा काय उपयोग? कारखाना त्यांच्या मालकीचा आहे असे त्यांना चाळीस वर्षे सांगण्यात आले होते. विकताना त्यांना कुणी विचारले नाही. बांधतानाही विचारले नव्हते. मला अब्बांची गिरणी बंद झाली ते दिवस आठवले. भोंगा वाजायचा थांबला, एवढेच आम्हाला कळले होते.

मालक कोण?

ट्राबांटची गोष्ट सांगून ‘बघा, सरकारी मालकी म्हणजे असेच होणार’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो घाईचा वाटतो. आपल्याकडे स्कूटर आणि मोटारी बनवणारे बहुतेक कारखाने खासगी होते आणि तरीही रांग होतीच. किती गाड्या बनवायच्या, याचा परवाना दिल्लीत ठरत होता आणि ज्यांच्याकडे परवाना होता, त्यांना गिऱ्हाइकाची चिंता नव्हती. उलट १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली मारुती सरकारी कंपनीची होती. सुझुकीचा वाटा तेव्हा अवघा २६ टक्के होता. त्याच गाडीने आपल्याकडच्या जुन्या मोटारींची सद्दी मोडली. आणि ज्या फोक्सवॅगनने ट्राबांटला हरवले, तिच्यातही लोअर सॅक्सनी या प्रांताच्या सरकारचा आजही पाचवा हिस्सा मताधिकार आहे आणि देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात.

मालकीच्या कागदावर कुणाचे नाव आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की ज्याच्या नावाने कारभार चालतो त्याला ‘हे असे का?’ असे विचारता येते का? विचारल्यावर उत्तर मिळते की व्हॅन येते? पूर्व जर्मनीच्या कामगाराने १९५३ मध्ये हा प्रश्न विचारला आणि रणगाडे पाहिले. त्यानंतर त्याने तो विचारला नाही, विनोद केले. १९८९ मध्ये त्याने चाव्या गाडीत सोडल्या आणि निघून गेला.

सबर ही मोठी गोष्ट आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते खोटे नाही. पण सबर ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या सबरवर राज्य चालवणे हा वेगळा प्रकार आहे. पूर्व जर्मनीच्या पुढाऱ्यांनी लोकांच्या शांत रांगेला लोकांची संमती समजले. आपल्याही आजूबाजूला रांगा आहेत. घरकुलाची, नोकरीची, कोर्टातल्या तारखेची. त्या शांत आहेत म्हणून सगळे समाधानी आहेत, असे समजणारे आपल्याकडेही आहेत.

अब्बा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तळाशी स्कूटरच्या नोंदणीची पावती सापडली. स्कूटर केव्हाच भंगारात गेली होती, पावती मात्र घडी घालून ठेवलेली. तिच्यावर रकमेसमोर शाईने लिहिले आहे ‘अनामत’. हा शब्द आपल्या मराठीत ‘अमानत’वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. जनतेची मालकी म्हणतात ती खरे तर अशीच अमानत असते. कारखाना असो, तिजोरी असो की सत्ता. ठेवणाऱ्याला हिशेब मागता आला पाहिजे. अब्बांनी आठ वर्षांत तो कधी मागितला नाही. पावती मात्र फेकलीही नाही.

ती आता माझ्याकडे आहे.